मागच्या बाजूचे सहा अँकर

सकाळचे सात वाजले होते. लोरीननं आईच्या दारात गाडी थांबवली तेव्हा डेल्मर शिडीवर उभा राहून, वादळ येणार म्हणून, शेवटच्या खिडकीवर प्लायवूड बसवत होता. पहाटेच अलाबामाहून निघून आला असणार. आणि तो आईला घेऊन जायला नाही, आईजवळ राहायला आलाय, हे त्या प्लायवूडवरूनच लोरीनला कळलं.

"तिची बॅग भरून झाली का?" तिनं खालूनच विचारलं.

"कुणाची?"

"डेल्मर, सकाळी सकाळी माझं डोकं फिरवू नकोस."

भावानं ओठांत धरलेला स्क्रू काढून खिशात टाकला. "ती येत नाही म्हणते. मी थांबतोय तिच्यापाशी. तू आणि हॉइट निघा."

लोरीननं वळून नवऱ्याकडं पाहिलं. हॉइट अजून गाडीतच बसून होता. त्याचं लक्ष डेल्मरकडं नव्हतं, खिडक्यांकडंही नव्हतं. घराच्या तळाशी पांढऱ्या पत्र्याचं आवरण जिथं जमिनीला टेकतं, तिथं तो बघत होता.

आत वीडा ताकातली बिस्किटं भाजत होती. रेडिओ चालू होता. आदल्या संध्याकाळी वादळ ताशी एकशेदहा मैलांचं होतं. आता रेडिओवरचा माणूस एकशेचाळीस म्हणत होता, आणि दुपारी एकच्या सुमारास ते किनाऱ्याला लागेल म्हणत होता. किनारा तिथून वीस मैलांवर.

"आई, ऐकलंस ना? एकशेचाळीस."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले तरी कान शाबूत आहेत माझे. बस, खाऊन घे."

"मी खायला नाही आले. काल शेरिफचा माणूस आमच्या गल्लीत फिरत होता. जे थांबणार आहेत त्यांनी हातावर नाव आणि जन्मतारीख लिहून ठेवा म्हणाला. न पुसणाऱ्या पेननं. का, ते सांगू?"

"कळतंय मला का ते." वीडानं ओव्हनमधून तवा काढला. "मागच्या वेळी निघालो होतो ना आपण. सगळ्यांचं ऐकून."

तेरा वर्षांपूर्वी अशाच एका वादळापुढं पळताना वीडाचा नवरा हार्लन गाडीच्या मागच्या सीटवरच वारला होता. पुढं चार तास न हललेली गाड्यांची रांग, आणि वीडाच्या मांडीवर त्याचं डोकं. गाडी डेल्मर चालवत होता. निघायचा हट्टही त्याचाच होता. तेव्हापासून डेल्मरनं आईला कधी, कशाबद्दलही, 'असं कर' म्हणून सांगितलं नव्हतं.

तो आत येऊन हात धुवत होता. लोरीननं त्याला गाठलं.

"तू सांग तिला. तुझं ऐकेल."

"लोरीन, हे घर मी बांधलंय. आमच्या घरं बनवायच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी या घराबरोबर एकेका टप्प्यावरून पुढं सरकलो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. छपराच्या प्रत्येक कैचीवरून पोलादी पट्टी भिंतीत उतरते, भिंतीतून जमिनीच्या तुळयांत, तुळयांतून खालच्या सांगाड्यात. खिळे आहेत, वर गोंद आहे. दोनशे मैल हायवेवरून ओढत आणलं ते, तेव्हा कपबशीसुद्धा तडकली नसती. विटांचं घर ओढून दाखव असं."

"चाकांवरचा ट्रेलर आहे तो, डेल्मर."

"ट्रेलर म्हणू नकोस."

लोरीन आईच्या खोलीत गेली आणि तिनं कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला कारखान्यानं चिकटवलेला कागद होता. त्यावर देशाचा छोटा नकाशा, आणि हे घर कुठल्या पट्ट्यातल्या वाऱ्यासाठी बांधलंय तो आकडा. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"एकशेदहा."

"तो किमान आकडा असतो," डेल्मर म्हणाला.

पण ते म्हणताना त्यानं टॉवेल दोनदा घडी करून परत उलगडला. लोरीनला वाटलं, यालाही भीती वाटतेय. आणि ती भीती हा आईला दाखवू शकत नाही.

हॉइट घराच्या मागं गेला होता. वारा अजून जोराचा नव्हता, पण तो थांबत नव्हता. पाइनचे शेंडे एकाच बाजूला झुकलेले होते आणि परत सरळ होत नव्हते. एकही पक्षी नव्हता. त्यानं पत्र्याचा एक तुकडा काढला, पोटावर झोपला आणि टॉर्च घेऊन घराखाली सरपटत शिरला.

वर पोलादी सांगाडा, तो पेलणारे सिमेंटच्या ठोकळ्यांचे खांब, आणि सांगाड्यापासून तिरक्या खाली उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. प्रत्येक पट्टी एका अँकरच्या माथ्याला बांधलेली. अँकर म्हणजे जमिनीत पिळून घातलेला, टोकाला पातं असलेला लोखंडी दांडा. मागच्या बाजूला सहा. सगळ्या पट्ट्या ताठ. कुणीही बघितलं असतं तर म्हणाला असता, छान काम आहे.

नऊ वर्षांपूर्वी ते काम त्यानंच केलं होतं. घरं बसवणं हाच त्याचा धंदा. या मागच्या भागात पूर्वी तळं होतं. हार्लननं ते कधीतरी मातीनं भरून घेतलं होतं, आणि भरावाची जमीन ती, जमिनीची पकड मोजायच्या यंत्राचा काटा तिथं वर चढेचना. सहा फुटी अँकर लागणार होते. हॉइटच्या ट्रकमध्ये चार फुटी होते. सहा फुटी मागवायचे तर दहा दिवस. आणि गुरुवारी थँक्सगिव्हिंग होतं. चार वर्षं मुलीकडं राहिलेल्या वीडानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की टर्की या वेळी माझ्या ओव्हनमध्ये भाजणार. सण होऊ दे, मग बदलू, असं म्हणून त्यानं मंगळवारी चार फुटी घातले. तपासणीचा माणूस आला. वरून चार फुटी काय आणि सहा फुटी काय, माथा सारखाच दिसतो. त्यानं सही केली. मग थंडी आली, पत्र्याचं आवरण लागलं, आणि बदलायची गोष्ट हळूहळू सांगता न येणारी गोष्ट झाली. दर वर्षी जून ते नोव्हेंबर, वादळांच्या दिवसांत, हॉइटला नीट झोप यायची नाही. लोरीन म्हणायची, उकाड्यानं.

डेल्मरचे बूट पत्र्यापाशी येऊन थांबले.

"काय शोधतोयस?"

"पट्ट्या बघत होतो."

"मग?"

"पट्ट्या ठीक आहेत." हॉइटनं टॉर्च विझवला. तोंड दिसू नये म्हणून. "डेल्मर, जरा आत ये."

चोपन्न वर्षांचा तो आडदांड माणूस कण्हत आत सरपटला आणि त्याच्या शेजारी पालथा पडला.

"हे सहा चार फुटी आहेत," हॉइट म्हणाला.

"सहा फुटी."

"चार."

"कागदावर सहा फुटी आहे. मी वाचलाय."

"कागद मी भरलाय."

वर वीडाची पावलं ओट्यापासून टेबलापर्यंत गेली आणि परत आली. पत्रा वाऱ्यानं वाजत राहिला.

"लोरीनला माहितेय?"

"नाही. कुणालाच नाही. तुलाच, आत्ता."

डेल्मरनं हात लांब करून एक पट्टी मुठीत धरली. हॉइटला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. डेल्मरनं पट्टी सोडली.

"साडेआठ झालेत," तो म्हणाला. "रस्ता अजून चालू असेल." आणि तो उलटा सरपटत बाहेर गेला.

"आई, ऊठ. निघायचंय."

वीडानं मुलाकडं पाहिलं. शर्टभर माती. तेरा वर्षांत या मुलानं तिला 'ऊठ' म्हटलं नव्हतं. मघाशी घराची कौतुकं करत होता तोच हा. हे काही वादळाच्या बातमीनं नव्हतं.

"का?"

"कारण विचारू नकोस."

"कारण कळल्याशिवाय मी खुर्चीवरून हलणार नाही. तू ओळखतोस मला."

डेल्मरनं रेडिओ बंद केला. त्यानं सांगितलं नसतं. ते वीडाला त्याच्या जबड्यावरून कळत होतं. कुणाला तरी पाठीशी घालत होता. मग दारातून हॉइट बोलला. सगळं एका दमात, टोपी हातात धरून. लांबी, तळं, कागद, सही. तो बोलत असताना लोरीन नवऱ्याच्या शेजारी उभी होती. बोलून संपेपर्यंत ती भावाशेजारी जाऊन उभी राहिली होती.

"दर रविवारी इथं जेवलास तू," वीडा म्हणाली.

"हो, मिस वीडा."

"आणि दर रविवारी तुला ठाऊक होतं."

"हो."

"लोरीन एकदा माझ्याशी भांडून चार दिवस राहिली होती इथं. ऑगस्टमध्ये."

वीडानं ओव्हन बंद केला. मी एकटी असते तर बसले असते इथंच, असं तिच्या मनात आलं. पण ही तिघं माझ्यापायी बसतील, आणि पोरांना जमिनीवर पकड नसलेल्या घरात बसवायला माझा जीव धजत नाही. ती बूट शोधायला लागली.

डेल्मरच्या पिकअपमध्ये चौघं बसली. अर्धा मैल गेली असतील. वळणापलीकडं दोन पाइन विजेच्या तारांसकट रस्त्यावर आडवे होते, आणि त्यांच्यामागं तिसरा पडताना सगळ्यांनी पाहिला. आवाज आलाच नाही. वाऱ्यानं तो आवाज कुठल्या कुठं नेला. डेल्मरनं गाडी उलटी घेतली. दुसरी वाट नदीकडची. तिथं पाणी चढलेलं. दहा वाजता ती परत त्याच दारात होती, आणि पाऊस आता आडवा येत होता.

गाडीतून कुणी उतरेना.

"घरात नको," डेल्मर म्हणाला.

"मग कुठं?" लोरीनचा आवाज फाटला. "सांग ना कुठं?"

मागच्या आवारात, सत्तर पावलांवर, मध काढायची खोली होती. हार्लननं सिमेंटच्या ब्लॉकची बांधलेली, बुटकी, एका दाराची. डेल्मर काचेतून तिच्याकडं बघत होता.

"पोकळ ब्लॉक आहेत ते," तो म्हणाला. "आत सळ्या नसतील तर ती भिंत आपल्या अंगावरच येईल. बाबांचं काम. जे हाताला लागेल ते लावायचे."

"सळ्या आहेत," वीडा म्हणाली.

"आई, तुला काय माहीत?"

"प्रत्येक पोकळीत आहेत. मी सळई धरून उभी राहायचे, आणि तो वरून सिमेंट ओतायचा. उन्हात. तू पोटात होतास, तुला काय ठाऊक." ती थोडी थांबली. "छपराचं मात्र सांगता येत नाही."

डेल्मरनं चारदा विचार केला नाही. "चला," म्हणाला.

हॉइटनं सामान बांधायचे पट्टे एकाला एक जोडून पिकअपच्या हुकाला अडकवले आणि दुसरं टोक घेऊन एकटाच पुढं गेला. दोनदा पडला. दुसऱ्यांदा बराच वेळ उठला नाही. लोरीननं काचेवर हात दाबून धरला होता. मग तो उठला. पट्टा दाराच्या कडीत घालून त्यानं ताणला, आणि बाकीची तिघं त्या पट्ट्याला धरून, डोकी खाली घालून, एकामागून एक निघाली. डेल्मरनं आईला पाठीमागून कवटाळलं होतं. तिचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे वीडाला कळत नव्हतं.

आत अंधार आणि जुन्या मेणाचा वास. लोरीननं खिशातून पेन काढलं. काही न बोलता तिनं आईच्या दंडावर नाव लिहिलं, मग डेल्मरच्या, मग स्वतःच्या. हॉइटनं बाही वर करून हात पुढं केला. ती क्षणभर तशीच थांबली, मग त्याच्याही दंडावर लिहिलं. पण त्याच्याकडं बघितलं नाही.

बारानंतर आवाज बदलला. आधी तो वारा होता. मग तो वारा राहिला नाही. एखादं जड यंत्र भिंतीला टेकवून चालू केल्यासारखा तो ब्लॉकमधून पाठीत शिरायला लागला. कान दुखले, बंद झाले, परत दुखले. दार आतल्या बाजूला फुगायला लागलं. डेल्मर आणि हॉइट दाराला पाठ लावून, टाचा रोवून बसले. खांद्याला खांदा. बोलणं अशक्यच होतं. मध काढायच्या मोठ्या पिंपाआड वीडा आणि लोरीन एकमेकींच्या गळ्यात होत्या. छपराचा एक कोपरा उचलला जायचा, पांढरा उजेड आत यायचा, आणि कोपरा परत आपटायचा. प्रत्येक वेळी लोरीनची नखं आईच्या दंडात रुतायची. वीडाला प्रार्थना आठवत नव्हती. ती मनातल्या मनात सळ्या मोजत होती. या भिंतीत सात, त्या भिंतीत नऊ.

मग एक वेगळा आवाज आला. आपटल्याचा नव्हता. लांबलचक कण्हल्यासारखा. त्यात मध्येच तार तुटल्यासारखे टणत्कार, एक, दोन, मग बरेच एकदम. वीडानं डेल्मरकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. हॉइटनं तोंड गुडघ्यांत घातलं होतं, पण पाठ दारावरून काढली नव्हती.

साडेतीनला दार उघडलं तेव्हा आधी डेल्मरला वाटलं, आपण चुकीच्या दिशेला बघतोय. पाइन नव्हते. जिकडंतिकडं कमरेएवढे बुंधे, आणि त्यापलीकडं, इथून आजवर कधी न दिसलेली नदी. ऊन पडलं होतं.

घर पालथं होतं. मागची बाजू उचलली जाऊन ते पुढं कोलमडलं होतं, आणि पोलादी सांगाडा, चाकांचे आस सगळं आकाशाकडं. डेल्मर त्याच्याभोवती फिरला. हायवेवरून दोन अर्ध्या भागांत आलेलं घर जिथं जोडतात, त्या सांध्याला कारखान्यात लग्नाचा सांधा म्हणतात. सवयीनं त्यानं तो आधी पाहिला. सांधा सुटला नव्हता. भिंती छपराला धरून होत्या, तुळया भिंतींना. त्यानं मारलेली एकही पट्टी निघाली नव्हती. ज्या न्हाणीघरात तो आईला बसवणार होता, त्याची फुटकी खिडकी त्याच्या गुडघ्यापाशी होती. त्यानं वाकून आत पाहिलं. बाथटब वर, छताच्या जागी लटकलेला, आणि खाली काचा. तो सरळ झाला आणि बाजूला जाऊन ओकला.

पुढच्या बाजूचे, पक्क्या जमिनीतले अँकर जागेवरच होते, तुटक्या पट्ट्यांसकट. मागचे सहा चिखलात पडले होते, पट्ट्या शाबूत. हॉइट त्यांच्यापाशी उभा होता.

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

"हो."

त्या सहांकडं बघत डेल्मर म्हणाला, "एवढ्या वाऱ्यात चांगले अँकरही टिकले असते का, ते मला माहीत नाही. ते आता आपल्याला कधीच कळणार नाही. आणि सकाळी एकशेदहाचा आकडा ऐकूनही मी आईला बसवायला निघालो होतो, हेही खरं आहे." त्यानं तोंड पुसलं. "हॉइट, असं फक्त हेच घर?"

हॉइट खाली बघून पायानं चिखल सारत राहिला.

"मी विचारतोय."

"अजून एक. एनफिंजर म्हाताऱ्याचं. त्याच आठवड्यातलं, त्याच ट्रकमधले अँकर."

"तो निघून गेला होता?"

"काल संध्याकाळी त्याच्याकडं दिवा होता."

डेल्मर पिकअपकडं गेला. काचा नव्हत्या, पण मागच्या पेटीतली करवत होती. लोरीननं हे सगळं ऐकलं होतं. सकाळपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं पाण्याची बाटली आणून त्याच्या हातात दिली. "जा," म्हणाली. "आणि काय असेल ते येऊन मला खरं सांग." वीडा ब्लॉकच्या भिंतीला टेकून बसली होती, तिनं नुसती मान हलवली.

दीड मैलाला दोन तास लागले. आळीपाळीनं करवत चालवत, बुंध्यांवरून चढत, खालून सरपटत दोघं गेले. हॉइट पुढं. वाटेत एक घर नुसतं पायऱ्यांपुरतं उरलं होतं. ते कुणाचं, हे दोघांनाही माहीत होतं, आणि ती माणसं शनिवारीच गाव सोडून गेली होती हेही. तरी हॉइटनं तिथं जाऊन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. त्याच्यानंतरच्या वळणावर तो इतका हळू चालायला लागला की डेल्मरला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला.

एनफिंजरचं घर उभं होतं.

अर्धं छप्पर सोललं होतं, दारापुढचा मांडव गेला होता, पण घर ठोकळ्यांवर होतं. पायरीवर म्हातारा नुसत्या बनियनमध्ये बसून डब्यातले पीच बोटांनी खात होता.

"कोण, हॉइट?" त्यानं डोळे बारीक केले. "ये, ये. बघ, जागचं हललं नाही. या रस्त्यावर माझं एकट्याचं उभं आहे. मी पलंगाखाली पडून म्हणत होतो, ज्यानं हे बसवलं त्याचं भलं होवो." त्यानं बोटं बनियनला पुसून हात पुढं केला. "चांगलं काम केलंस रे बाबा."

डेल्मर मागंच थांबला होता. करवत त्यानं खाली ठेवली. घर उभं होतं. त्याच्याखाली काय आहे ते कुणी कधी बघणार नव्हतं.

हॉइटनं तो हात हातात घेतला नाही.

"मिस्टर एनफिंजर," तो म्हणाला, "आधी त्या पायरीवरून खाली उतरा. इकडं, मोकळ्यात या. आज रात्री आत झोपू नका."

"का रे, काय झालं?"

"या ना इकडं. सांगतो."

म्हाताऱ्यानं डबा बाजूला ठेवला आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरून तो गवतात आला. हॉइटनं टोपी काढली आणि नऊ वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली.